घरच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस आणि डिस्क रिपेअरचं सॉफ्टवेअर खरंच विकत घ्यावं लागतं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या घरी एक डेस्कटॉप आहे, २०१६ च्या सुमाराला असेंबल करून घेतलेला. एक टीबीची साधी हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम आणि विंडोज १०. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे यूडायसची (सरकारच्या शाळा-नोंदणीची) माहिती, निकालपत्रकं, शिष्यवृत्तीचे सराव पेपर हे सगळं घरी बसूनच करते. मिस्टरांचं थोडंफार बँकेचं काम त्यावरच होतं आणि आठवीतला मुलगा संध्याकाळी गेम खेळतो. शिवाय मुलाच्या लहानपणापासूनचे फोटो आणि सासऱ्यांच्या आवाजातली भजनांची रेकॉर्डिंग त्यात आहेत, सासरे आता नाहीत आणि ती रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठेच नाहीत.

आता अँटीव्हायरसची मुदत संपत आलीये, रोज खाली उजव्या कोपऱ्यात लाल पाटी येते की तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. दुकानात विचारलं तर ते म्हणाले तीन वर्षांचं टोटल सिक्युरिटी घ्या आणि सोबत पीसी ट्यूनअप आणि डिस्क रिपेअरचं पॅकेजही घ्या, मशीन स्लो झालंय ते त्यानेच सुटेल, रजिस्ट्री पण साफ होईल. दोन्ही मिळून रक्कम बरीच होतेय. पुण्याचे दीर फोनवर म्हणाले, वहिनी एक रुपया घालवू नका, विंडोजमध्ये सगळं असतं. दोघंही ठामपणे बोलतात, मग आपण कुणाचं ऐकायचं?

स्लो मात्र खरंच झालंय. सुरू व्हायला फार वेळ लागतो, फोटोंचं फोल्डर उघडलं की सगळं गोठतं आणि मग एकदम पुढे सरकतं, आणि अलीकडे सुरू होतानाच काळ्या स्क्रीनवर 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह डी' असं येतं आणि टक्के मोजत बसतं. आमच्याकडे लाइट बरीच जाते त्यामुळे असेल असं मला वाटतं. आणि केंद्रशाळेतून पेन ड्राइव्ह आणला की कधी कधी सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट होतात, तो एक वेगळाच ताप. कृपया साध्या भाषेत सांगा.

स्क्रूड्रायव्हर

ताई, मी पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करतो, बरीच वर्षं झाली. आधी अँटीव्हायरसचं सांगतो, पण तुमच्या मशीनची खरी अडचण ती नाहीये, ते शेवटी येतो.

तुमचे दीर बरोबर सांगतायत. विंडोज एक्सपी आणि ७ च्या काळात बाहेरून अँटीव्हायरस घालावाच लागायचा कारण आत काही नव्हतंच म्हणा ना. विस्टा आणि ७ मध्ये मायक्रोसॉफ्टचाच डिफेंडर नावाचा प्रोग्राम होता, पण फक्त स्पायवेअरपुरता, म्हणजे हेरगिरी करणारे प्रोग्राम पकडण्यापुरता, २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स फुकट दिलं पण तेही वेगळं डाउनलोड करून घालायला लागायचं. २०१२ ला विंडोज ८ आलं तेव्हापासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस म्हणून विंडोजमध्येच येतो. सुरुवातीची काही वर्षं टेस्टमध्ये तो मागे असायचा हे खरं, त्यामुळे लोकांच्या डोक्यात 'फुकटचं ते पोकळ' असं बसलं ते बसलंच. आता जर्मनीची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन लॅब नियमित चाचण्या घेतात, त्यात तो विकतच्यांच्या बरोबरीने बसतो. घरगुती वापराला पुरेसा आहे, हे मी गिऱ्हाइकांना पण सांगतो, माझा त्यात धंदा जातो तरी सांगतो.

एक गोष्ट मात्र नीट करा. मुदत संपलेला अँटीव्हायरस तसाच ठेवू नका. तो असेपर्यंत डिफेंडर बाजूला होऊन बसलेला असू शकतो, कारण दोन अँटीव्हायरस एकाच वेळी प्रत्येक फाइल तपासायला लागले तर मशीनचा जीव जातो, म्हणून विंडोज स्वतःच एकाला थांबवतं. तेव्हा जुना पूर्ण अनइन्स्टॉल करा, सेटिंगमधून निघाला नाही तर बहुतेक कंपन्यांचं स्वतःचं काढायचं टूल असतं ते वापरा, मशीन रीस्टार्ट करा, आणि स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी टिक आलीये ना ते बघा. तिथेच अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन असतं त्यात नको असलेली अ‍ॅप ब्लॉक करायचं बटण बंद असेल तर चालू करा.

ट्यूनअप आणि रजिस्ट्री क्लीनर अजिबात घेऊ नका. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, दोनचारशे जुन्या नोंदी पडल्या म्हणून मशीन स्लो होत नसतं, आणि हे प्रोग्राम मोठा आकडा दाखवून माणसाला घाबरवतात तेवढंच. मायक्रोसॉफ्टचं अधिकृत म्हणणं आहे की रजिस्ट्री क्लीनर वापरायला आमचा पाठिंबा नाही, आणि चुकीची नोंद उडाली तर विंडोज परत टाकायची वेळ येऊ शकते. वर ही सॉफ्टवेअर स्वतःच धोक्याची होऊ शकतात. २०१७ मध्ये सीक्लीनर या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामच्या ५.३३ व्हर्जनमध्ये हॅकरांनी कंपनीच्या सर्व्हरमध्येच शिरून मालवेअर घुसवलं होतं, ते अधिकृत साइटवरून, अधिकृत सहीसकट वीस लाखांपेक्षा जास्त मशीनवर पोचलं. लोकांनी मशीन साफ करायला घातलं होतं ते!

आता तुमची खरी अडचण. दर वेळी 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग', फोटोंचं फोल्डर गोठणं, मग एकदम सरकणं, हे मला व्हायरसचं लक्षण वाटत नाही. हार्ड डिस्क जायला लागलीये असं वाटतंय. त्या मशीनवर अजून कुणालाही काहीही 'रिपेअर' करू देऊ नका. इथे डिस्कमधले जाणकार आहेत ते सविस्तर सांगतील, तोवर फोटो आणि भजनं दुसरीकडे घ्या. आजच.

रंकाळा_७०

माझं मत जरा वेगळं आहे आणि ते अनुभवातून आहे. कोल्हापुरात माझं अकाउंट्सचं काम आहे, घरी आणि ऑफिसात मिळून काही मशीन आहेत आणि मी सगळीकडे विकतचाच अँटीव्हायरस ठेवतो, क्विक हील. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून नव्वदच्या दशकात पुण्यात उभी केलेली कंपनी आहे ही, त्यामुळे मनात थोडा अभिमान पण आहे, लपवत नाही. पण घेतो ते अभिमानापोटी नव्हे. काही झालं तर मराठीत बोलणारा माणूस फोनवर मिळतो, डीलर घरी येऊन बसतो. डिफेंडरला काही झालं तर कुणाला फोन लावायचा सांगा बरं. ज्यांच्या घरात तरुण मुलं आहेत त्यांचं ठीक, पण माझे वडील ७८ वर्षांचे आहेत, एकटे गावी असतात, त्यांच्या मशीनवर हिरवी टिक आहे का लाल हे बघायला कोण जाणार आहे?

दुसरं, पेन ड्राइव्ह. ताईंनी लिहिलंय की शॉर्टकट होतात. आमच्याकडे झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह फिरून आला की त्यात काही ना काही असतंच. विकतचा अँटीव्हायरस लावल्या लावल्या स्कॅन करतो, आपोआप. डिफेंडरला ते सांगावं लागतं. आणि इंटरनेट नसेल तर डिफेंडरची पकड कमी पडते कारण त्याचं निम्मं डोकं क्लाउडमध्ये आहे, हे त्या ऑस्ट्रियाच्या लॅबच्या रिपोर्टमध्ये पण दिसतं, ऑफलाइन आणि ऑनलाइनचे आकडे वेगळे देतात ते. गावाकडे नेट दिवसदिवस नसतं. तेव्हा सरसकट 'पैसे घालवू नका' म्हणणं मला पटत नाही. डिस्क रिपेअरचं पॅकेज मात्र नको, त्याला माझा पण विरोध.

स्क्रूड्रायव्हर

रंकाळा साहेब, वडिलांच्या बाबतीत तुमचं पटलं. एकट्या वयस्कर माणसाला फोनवर हक्काचा माणूस मिळणं याला किंमत आहे आणि ती तुम्ही देताय, त्यात चूक काहीच नाही. ऑफिसचं तर वेगळंच, तिथे दुसऱ्यांचा डेटा असतो. पण ताईंच्या घरी नेट आहे, त्या रोज पोर्टलवर काम करतात, म्हणून मी म्हटलं.

पेन ड्राइव्हचं सांगतो. शॉर्टकटवाल्यात फाइली जात नाहीत, फक्त लपवलेल्या असतात आणि त्यांच्या नावाचे खोटे शॉर्टकट बनतात. शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरस तुमच्या मशीनमध्ये आला. म्हणून क्लिक करायचं नाही, ड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करायचं, शॉर्टकट उडवायचे आणि फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटम्सला टिक केली की फाइली फिकट दिसायला लागतात. नाही दिसल्या तर कमांड प्रॉम्प्टमध्ये अ‍ॅट्रिब कमांड आहे, ती मी वेगळी लिहून देईन. सरकारचं पण फुकट टूल आहे, सी-डॅकने केलेलं, यूएसबी प्रतिरोध नावाचं, सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मिळतं, तुम्ही नोंदवलेलेच पेन ड्राइव्ह चालू देतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे केंद्रशाळेला पीडीएफ मेलवर मागा.

उरणकर

अँटीव्हायरस कुठला यावर एवढी चर्चा होते पण अपडेटवर कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय.

मी जेएनपीटी परिसरात राहतो. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या या व्हायरसचा हल्ला झाला तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपकडे असलेलं बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं होतं, कंटेनरचे ट्रेलर बाहेर अडकले होते, आमच्या भागात तो विषय अजून निघतो. मर्स्क केवढी कंपनी, तिच्याकडे काय सुरक्षेचं सॉफ्टवेअर नव्हतं? ते आत आलं युक्रेनमधल्या एका टॅक्सच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि आत आल्यावर पसरलं ते चोरलेल्या पासवर्डांवर आणि विंडोजच्या एका जुन्या भगदाडावर. त्याच भगदाडातून दीड महिना आधी, १२ मे २०१७ ला, वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला होता. आणि ते बुजवायचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता! ज्यांनी अपडेट केलं होतं त्यांच्या मशीनमध्ये वॉनाक्रायला त्या वाटेने शिरता आलं नाही, मग अँटीव्हायरस कुठलाही असो.

म्हणून ताई, तुमच्याकडे विंडोज १० आहे हा मुद्दा अँटीव्हायरसपेक्षा मोठा आहे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सिक्युरिटी अपडेटची सोय ठेवलीये, ईएसयू म्हणतात. विंडोज अपडेटच्या पानावर एनरोल असं दिसेल, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर आहेत. डिफेंडरला व्हायरसची नवी माहिती विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, पण ती वेगळी आणि विंडोजच्या भगदाडांचे पॅच वेगळे, यात लोक घोळ करतात. तुमचं मशीन २०१६ चं आहे म्हणजे विंडोज ११ ला अधिकृतपणे चालणार नाही, त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो.

आणि मुलाचं. आता घरातल्या कॉम्प्युटरला सगळ्यात जास्त धोका आहे तो गेमचे क्रॅक, चीट आणि मॉड यातून. पूर्वीसारखा स्क्रीनवर कवटी दाखवणारा व्हायरस राहिला नाही, आता येतात ते इन्फोस्टीलर, गुपचूप येऊन ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिन उचलून निघून जातात, मशीन स्लो पण होत नाही. लुम्मा नावाचा असा एक होता, २०२५ च्या मे मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि पोलिसांनी मिळून त्याचं जाळं मोडलं, त्याआधीच्या दोन महिन्यांत जवळजवळ चार लाख विंडोज मशीनवर तो सापडला होता. क्रॅकच्या सूचनेत पहिलीच ओळ असते 'आधी अँटीव्हायरस बंद करा', आणि पोरं बंद करतात. मग विकतचा असो नाहीतर फुकटचा, तो काय करणार? मुलाला वेगळं अकाउंट करून द्या, स्टँडर्ड, अ‍ॅडमिन नाही. काहीही इन्स्टॉल करायचं म्हटलं की तुमचा पासवर्ड मागेल.

आणखी एक नवीन प्रकार घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, एखादी साइट म्हणते मी रोबॉट नाही हे सिद्ध करा, त्यासाठी विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. असं कुठलाही खरा कॅप्चा सांगत नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने त्यांची कमांड चालवत असता.

खानदेशी

लिनक्स मिंट टाका, अँटीव्हायरसचा विषयच मिटला. ४ जीबी रॅमवर पण मस्त चालतं.

कृष्णाकाठ

एवढ्या आपुलकीने लिहिताय त्याबद्दल सगळ्यांचे खूप आभार. खानदेशी दादा, शाळेची एक्सेलची कामं आणि मराठी टायपिंगची सवय यामुळे लिनक्स आत्ता लगेच नको वाटतं, पण लक्षात ठेवते.

स्क्रूड्रायव्हर दादा तुमचं वाचून धसकाच घेतला. दुकानदाराला फोन केला तर ते म्हणतात डिस्क आणून द्या, रिपेअर सॉफ्टवेअरने बॅड सेक्टर काढून देतो, फॉरमॅट करायची गरज नाही. हे खरंच होतं का? आणि डिस्क खराब आहे की नाही हे घरी कसं बघायचं? आवाज वगैरे काही येत नाही.

ऑरेंज_सिटी

डिस्कचं मी सांगतो, नागपूरला डेटा रिकव्हरीचं काम करतो. थोडं लांबण लागेल पण ताई हे समजून घेतलं तर पुढे कुणी फसवणार नाही.

डिस्क रिपेअर म्हणून जे विकतात त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते. एक फाइल सिस्टिम आणि एक खुद्द डिस्क. ग्रंथालयात पुस्तकांचं रजिस्टर असतं ना, कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, ती फाइल सिस्टिम. लाइट गेली आणि नोंद अर्धवट राहिली तर रजिस्टर बिघडतं, पुस्तकं मात्र जागेवर असतात. ते सॉफ्टवेअरने दुरुस्त होतं, आणि त्यासाठी विंडोजमध्येच चेकडिस्क आहे, फुकट. तुम्हाला सुरू होताना दिसतं ते तेच. पण कपाटालाच वाळवी लागली असेल तर रजिस्टर कितीही सुवाच्य लिहा, काय उपयोग? बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या जागा, ही ती वाळवी. जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर खराब झालेली चकती बरी करत नाही.

मग 'बॅड सेक्टर काढून दिले' म्हणतात ते काय असतं? प्रत्येक हार्ड डिस्कमध्ये कंपनीने थोडे सेक्टर राखीव ठेवलेले असतात. एखाद्या खराब जागेवर लिहायला गेलं आणि जमलं नाही की डिस्क स्वतःच ती जागा बाद करते आणि राखीवातली देते. सॉफ्टवेअर फक्त तिथे लिहून डिस्कला ते करायला भाग पाडतं. त्या जागेवर जे होतं, समजा तुमच्या फोटोचा तुकडा, तो वाचता आला नसेल तर लिहिताना कायमचा गेला. वरून रिपोर्ट येतो 'शून्य बॅड सेक्टर', गिऱ्हाईक खूश. थोड्या दिवसांनी नवीन खराब होतात, कारण मूळ कारण तसंच आहे.

हे सॉफ्टवेअर विकायची पद्धत आली कुठून तेही सांगतो. डॉसच्या काळात फॅट फाइल सिस्टिम होती, लाइट गेली की हमखास बिघडायची, फ्लॉपी तर विचारूच नका, तेव्हा नॉर्टन डिस्क डॉक्टरसारखी टूलं खरंच लागायची आणि लोक आनंदाने पैसे मोजायचे. १९९३ च्या डॉस ६.२ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्कॅनडिस्क दिलं, पुढे २००१ मध्ये एक्सपीबरोबर एनटीएफएस घरोघरी आलं, ती फाइल सिस्टिम बदलांची नोंद आधी करून ठेवते आणि लाइट गेली तरी बऱ्यापैकी स्वतःला सावरते. गरज संपली पण दुकान चालूच राहिलं. डीफ्रॅगचं, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावायचं, पण तसंच, विंडोज ते ठराविक वेळाने आपोआप करतं, आणि एसएसडीला (फिरती चकती नसलेली, चिपवरची वेगवान डिस्क) तर डीफ्रॅग करायचंच नसतं, तिथे विंडोज ट्रिम पाठवतं, म्हणजे कुठल्या जागा रिकाम्या झाल्या ते डिस्कला कळवतं. विकतच्या डीफ्रॅगने एसएसडीवर उगाच लिखाण होतं, बाकी काही नाही.

आता तुमची डिस्क कशी बघायची. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते काहीच दुरुस्त करत नाही, फक्त डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली स्मार्ट नावाची नोंद वाचून दाखवतं. म्हणूनच मला आवडतं. निळं म्हणजे गुड, पिवळं म्हणजे कॉशन, लाल म्हणजे बॅड. खालच्या यादीत तीन ओळी बघा, रिअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर. तिघांच्या शेवटच्या रकान्यात सगळे शून्य असतील तर जिवात जीव. पेंडिंगमध्ये आकडा असेल तर डिस्कला काही जागा वाचता येत नाहीयेत आणि तुमचं फोल्डर गोठतं ते त्यामुळेच, डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसते. सगळं निळं असेल आणि तरी स्लो असेल तर निव्वळ जुनी हार्ड डिस्क आणि विंडोज १० ची जोडी आहे, एसएसडी घातली की मशीन ओळखू येणार नाही.

पिवळं आलं तर चेकडिस्क चालवू नका. विशेषतः /r जोडून चालवतात ती, जी एकेक सेक्टर वाचत जाते, एक टीबीला तासन्‌तास लागतात आणि मरणाऱ्या डिस्कला तेवढी मेहनत करायला लावणं म्हणजे तिला ढकलणं. शिवाय वाचता न आलेल्या फाइलींचे तुकडे करून फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये टाकते, ते जोडता जोडता माणूस मेटाकुटीला येतो. माझ्याकडे येणाऱ्या केसेसमध्ये हे फार बघतो मी, डिस्क इतकी वाईट नसते, आधी कुणीतरी रिपेअर रिपेअर खेळलेलं असतं. सुरू होताना ते स्कॅनिंग आलं तर पहिले काही सेकंद कुठलंही बटण दाबलं की टाळता येतं.

आवाज येत नाही म्हणता हे चांगलं आहे. टकटक असा ठेका धरून आवाज आला तर तिथल्या तिथे बंद करायचं, परत चालू करून बघायचं नाही, घरी उघडायची तर नाहीच.

रंकाळा_७०

नागपूरकर, फार चांगलं समजावलं की हो. ताई, डिस्कच्या बाबतीत यांचंच ऐका. आणि लाइटसाठी एक छोटा यूपीएस घ्याच. घरी इन्व्हर्टर असेल तर मागे यूपीएस मोडचा खटका असतो, तो साध्या मोडवर असेल तर बदलाबदलीच्या क्षणात कॉम्प्युटर बंद पडतो, आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना हे माहीत नव्हतं.

कृष्णाकाठ

क्रिस्टल डिस्क इन्फो टाकलं. पिवळं आहे, कॉशन. रिअलोकेटेडमध्ये शेवटी १८ असं आहे आणि पेंडिंगमध्ये २सी असं काहीतरी, अनकरेक्टेबलमध्ये पण तेच. इन्व्हर्टरचा खटका साध्या मोडवरच होता, तो मिस्टरांनी बदलला.

शाळेतल्या एका सहकाऱ्यांची एक्स्टर्नल डिस्क आत्ता मिळालीये. सगळी डी ड्राइव्ह एकदम सिलेक्ट करून कॉपी करू का? की आधी क्लोन करायचं म्हणतात ते? आणि कॉपी झाल्यावर ही डिस्क मुलाच्या गेमसाठी ठेवली तर चालेल का?

ऑरेंज_सिटी

आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत, दिसतात, २सी म्हणजे ४४. म्हणजे ४४ जागा डिस्कला वाचता येत नाहीयेत. एवढ्यावर बहुतेक सगळं वाचतं, पण उशीर नको.

सगळं एकदम सिलेक्ट करू नका, मधल्या एका खराब फाइलवर अडकलं की पुढचं सगळं राहून जातं. आधी भजनांचं फोल्डर, एकटंच. मग फोटो, एकेक वर्षाचं फोल्डर घ्या. मग शाळेचं. एखाद्या फाइलवर अडकलं तर स्किप करा आणि तिचं नाव कागदावर लिहून ठेवा, हट्टाने परत परत प्रयत्न करू नका. चालू असताना मशीनवर दुसरं काहीही उघडू नका. नेहमीच्या सॉफ्टवेअरने केलेला क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, अशा डिस्कवर बहुधा खराब जागेशी अडतो, तो नंतरचा विषय. अडलेल्या फाइलींमध्ये भजनं असतील तर मात्र तिथेच थांबा आणि सांगा, लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं टूल आहे, ते आधी चांगला भाग काढून घेतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं, त्याने काढू. दुकानदाराला डिस्क देऊ नका.

भजनं आली की ती उघडून ऐकून बघा, शेवटपर्यंत. नुसती कॉपी झाली म्हणजे शाबूत आहेत असं नाही. मग तीच लगेच गूगल ड्राइव्हवर पण चढवा, १५ जीबी फुकट असतात, आवाजाच्या फाइलींना पुष्कळ आहेत. सहकाऱ्यांची डिस्क परत जाणार आहे, तेव्हा अँटीव्हायरस आणि रिपेअर पॅकेजला जे पैसे लागणार होते त्यातून स्वतःची एक्स्टर्नल घ्या, महिन्यातून एकदा लावा, कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा. लावून ठेवली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आला की तीही लॉक होते.

गेमसाठी नको ताई. गेम त्याच डिस्कवर, म्हणजे मुलाचे प्रोजेक्ट आणि गोष्टी पण हळूहळू तिथेच जाणार. नवीन एसएसडीवर विंडोज आणि गेम दोन्ही टाका. ही जुनी फॉरमॅट न करता, नाव आणि तारीख लिहून बाजूला ठेवून द्या, काही राहिलं असं सापडलं तर अजून एकदा प्रयत्न करता येईल.

कृष्णाकाठ

भजनांचं फोल्डर आलं, एकही फाइल अडली नाही. ऐकायला बसलोय सगळे. २०१९ च्या फोटोंमध्ये दोन फाइली अडल्या, नावं लिहून ठेवलीत. २०२० चं चालू आहे.

ऑरेंज_सिटी

छान. २०१९ च्या त्या दोन राहू द्या आत्ता, पुढे चला.